खिडकीबाहेरचा जावई

नालोंगो लोसिराला आमच्या वॉर्डात आणलं त्या सकाळी माझं तोंड आतून सगळं सोलून निघालं होतं. औषधाची फेरी झाली की असं होतं. पाणीसुद्धा मिरचीसारखं झोंबतं. अशा वेळी शेजारच्या खाटेवर कुणी बडबडी बाई आणून टाकली, तर माणसाचं डोकं फिरणार नाही का?

व्हीलचेअरमधून उतरायच्या आधीच ती म्हणाली, "काय गं, ह्या घरात पाहुण्याला कसं आहेस म्हणून विचारायची पद्धत नाही वाटतं?"

मी नुसतं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"मुकी आहे का ही?" तिनं सिस्टर इमाकुलेटला विचारलं.

"मुकी नाही, तोंड आलंय तिचं," सिस्टर म्हणाली. "आणि तोंड धड असतं तेव्हाही ती काही फार गोड बोलते असं नाही."

खरंच आहे ते. मी प्रोस्कोव्हिया नामुतेबी, वांडेगेयाला माझं केसांचं दुकान. सगळा जन्म बायकांच्या डोक्यांवर गेला. वेण्या घालायच्या, उसवायच्या, परत घालायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या नवऱ्याच्या भानगडी ऐकायच्या. गोड बोलायला वेळ कुठं असतो? नालोंगोनं माझ्या धंद्याची चौकशी केली, मी कसंबसं सांगितलं. तिनं वॉर्डभर नजर फिरवली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी डोकी गुळगुळीत, माझं धरून. ती अशी हसायला लागली की सलाईनची नळी हलायला लागली.

"अगं, मग जागा अगदी बघून निवडलीस की! गिऱ्हाइकांची रांगच लागलीय!"

मलाही हसू फुटलं, आणि हसताना ओठ फाटला. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. आमच्याकडं जुळ्यांच्या आईला काहीही बोलायची मुभा असते, आणि जुळ्यांची म्हणून जी चावट गाणी असतात ती चारचौघांत कानांवर हात ठेवूनच ऐकावी लागतात. लोसिराला ती सगळी पाठ. मसाका रस्त्यावर तिची केळीची बाग. नवरा लवकर गेला, दोन मुली पदरात, तर ही बाई केळीच्या घडांवर बसून ट्रकमधून शहरात यायची आणि ड्रायव्हरशी भांडत, गात बाजार गाठायची. रक्ताचा कॅन्सर झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं म्हणे विचारलं, "माझ्या रक्तात राहायला आलाय? बघू या, कोण आधी कंटाळतं ते."

आमचे दिवस सगळे एकसारखे. उजाडायच्या सुमारास सिस्टर सुई घेऊन यायची. मग चहाबरोबर रिपोर्ट यायचे, आणि वॉर्डभर एकच चौकशी सुरू व्हायची, "तुझे किती आले?" पांढऱ्या पेशींना आम्ही पहारेकरी म्हणायचो. ज्यांचे पहारेकरी पळाले त्यांना तोंडाला मास्क, पाहुणे बंद, सालीसकट फळ बंद. मागच्या उतारावर आमच्या बरोबर आलेली माणसं चादरी धुवून कुंपणावर वाळत घालायची, आणि तिथंच फणसाच्या झाडाखाली सिगड्या पेटवायची. केळीच्या पानात बांधलेली हिरवी केळी, आमचे मातोके, वाफेला लागले, शेंगदाण्याची आमटी उकळायला लागली, की आत भांडण पेटायचं. ज्यांना मळमळायचं त्या ओरडायच्या, "खिडकी लावा!" ज्यांना भूक लागलेली त्या ओरडायच्या, "उघडा!" नालोंगो आली आणि तिनं निकाल दिला. भाजताना उघडी, उकळताना बंद. कुणी कुरकुर केली की ती गायला लागायची, आणि सिस्टर इमाकुलेट, जी चर्चच्या गायनात पुढच्या रांगेत उभी राहते, ती ट्रे टाकून पळायची. पण दाराआड थांबून ऐकायची. मी पाहिलंय.

ह्या बाईचं तोंड फक्त एकाच माणसापुढं बंद व्हायचं. दुपारी फणसाखालून खोकल्याचा आवाज आला, की गाणं अर्ध्यावर तुटायचं. नालोंगो लेसू, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं छापील कापड, डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. जावई आलेला असायचा.

लुब्वामा त्याचं नाव. जुळ्यांतली थोरली बाबिर्ये, तिचा नवरा. बाबिर्ये आईच्या खाटेखाली चटई टाकून राहायची, पोटात तिसरा महिना घेऊन. हा क्येंगेराला खाटीक. दारातून आत येताना आडवं व्हावं लागेल असा गडी. तो रोज सासूसाठी मटणाचा रस्सा नाहीतर काळीज घेऊन यायचा, आणि खिडकीकडं पाठ करून मातीत गुडघे टेकायचा. आता आमच्याकडं सासू-जावयाचं हे असंच असतं. शिवायचं नाही, एका छताखाली बसायचं नाही, एकमेकांचं तोंड बघायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. नियम मोडला तर दोघांना कापरं भरतं, आणि ते हातांत मुक्कामाला राहतं. मी शहरात वाढले, असल्या गोष्टींना हसते. पण माझ्या जावयानं कधी चुकून माझा पेला उचलला, तर मीही बाई दचकते.

मग त्यांचं बोलणं व्हायचं. वॉर्ड कान टवकारून ऐकायचा.

"आई, रात्र कशी गेली?" हा फणसाला विचारायचा.

"चांगली गेली, बाबा. तुमची?" ही भिंतीला सांगायची.

"चांगली. आई, अंगात कसं वाटतंय?"

"आहे बरं. पोरं कशी आहेत?"

"खेळतायत."

"दुकान?"

"चाललंय."

"माझ्या केळी?"

"उभ्या आहेत, आई. तुमची वाट बघतायत."

"एए," नालोंगो म्हणायची.

"एए," तो म्हणायचा. म्हणजे बरं, झालं बोलणं. डबा खिडकीखाली ठेवून, गुडघे झटकून निघून जायचा. तो दिसेनासा झाला की नालोंगो लेसू काढून म्हणायची, "काय माणूस मिळालाय माझ्या पोरीला! बाबिर्ये, तू जन्मात काही शहाणपणाचं केलं असशील तर एवढंच." हे त्याच्या कानावर तिनं कधी घातलं नाही. घालणार कसं?

अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. तिचे पहारेकरी पळाले, परत आले. ताप आले, उतरले. शेवटची एक फेरी उरली. ती झाली की घरी, केळीच्या बागेत. नालोंगोनं तर आमच्या बायकांचा ठेवणीतला पायघोळ पोशाख, गोमेसी, पण काढून ठेवली होती, जांभळी, उभ्या टोकदार बाह्यांची. घरी जाताना आजारी बाईसारखं जाणार नाही म्हणायची, लग्नाला चालल्यासारखी जाईन.

आणि तेव्हाच तिचं रक्त उतरलं. नखं पांढरीफटक. खाटेवरून उठली की डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टर अपियो उत्तरेकडची, बारकीशी, आमची लुगांडा जरा अडखळत बोलणारी. ती खाटेच्या कडेवर बसली.

"रक्त चढवल्याशिवाय शेवटची फेरी देता येणार नाही, नालोंगो. आणि फेरी फार लांबली तर आजार डोकं वर काढेल."

"मग चढवा की!"

"तुमचा गट दुर्मीळ. रक्तपेढीत एक पिशवी नाही. शाळांना सुट्ट्या लागल्यात."

शाळांना सुट्ट्या लागल्या की असंच होतं. रक्त द्यायला रांगेत उभी राहतात ती शाळेतलीच मुलं. नात्यातल्या सगळ्यांना बोलावलं. बाबिर्ये गरोदर, तिचं घेत नाहीत. धाकटी नाकातो, चुलते, मावश्या, बागेतले शेजारीसुद्धा बाह्या वर करून गेले. कुणाचंच जुळलं नाही. शेवटी सिस्टर बाबिर्येला दाराशी घेऊन गेली आणि कुजबुजली. आमच्या वॉर्डात कुजबुजलेलं सगळ्यात आधी मला ऐकू येतं.

"एकाचं जुळलंय. तुझ्या नवऱ्याचं."

बाबिर्येनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आईला कळलं तर ती सुई उपटून टाकेल."

"मग तिला कळायचं काही कारण नाही," सिस्टर म्हणाली. चर्चमधल्या बाईच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला गंमत वाटली.

लुब्वामा कबूल झाला. रोज बैल कापणारा माणूस, सुई बघून भिंतीला टेकला म्हणे. डोळे घट्ट मिटून त्यानं हात पुढं केला. रक्त देणाऱ्याला तिथं सोडा आणि बिस्किटं देतात. तीही त्यानं खाल्ली नाहीत, बायकोकडं दिली. "आईंना दे, माझं नाव न सांगता."

तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी पिशवी आली. नालोंगोनं तिच्याकडं बघून विचारलं, "कुणाचं हे?"

"रक्तपेढीचं," सिस्टर म्हणाली.

"रक्तपेढीचं," बाबिर्ये म्हणाली.

"रक्तपेढीचंच!" मी आणि समोरची खाट एकदम म्हणालो. एवढ्या जणी एकाच सुरात बोलल्यावर कुणाला संशय येणार नाही? पण तिच्यात तेवढीही ताकद नव्हती. रक्त चढायला लागलं. अर्धीअधिक पिशवी बाकी होती, आणि नालोंगोचे दात वाजायला लागले. थंडी भरली, अंग असं थरथरायला लागलं की खाट खडखडली.

सिस्टरनं नळी बंद केली, डॉक्टर अपियो धावत आली, ताप बघितला, पिशवीवरचा नंबर ताडून पाहिला. "घाबरू नका, असं होतं कधीकधी. गोळी देते, जरा थांबू, मग हळूहळू परत लावू. पण फार थांबता येणार नाही, पिशवी बाहेर टिकत नाही."

सगळं निभावून गेलं असतं. पण खिडकीजवळच्या खाटेवरची एक भवानी तेव्हाच ओरडली, "अगंबाई, तिकडं बघा! फणसाखाली लुब्वामापण थरथरतोय!"

खरंच थरथरत होता. एवढा मोठा माणूस, झाडाचं खोड धरून उभा, आणि हात नुसते लटलट. नालोंगोनं लेसूतून तोंड बाहेर काढलं. आधी बाबिर्येकडं पाहिलं, मग सिस्टरकडं, मग माझ्याकडं.

"त्याचं आहे," ती म्हणाली.

सिस्टरनं पिशवीवरचा नंबर पुन्हा वाचायला घेतला.

"खोटारड्यांनो, त्याचं आहे! शिवायचं नाही त्या माणसाचं रक्त अंगात घातलंत माझ्या!"

"नालोंगो, रक्त म्हणजे काही शिवणं नव्हे," डॉक्टर अपियो म्हणाली.

"शिवणं नव्हे? अगं लेकी, शिवणं बाहेरून असतं. हे तर आत आलंय!"

समोरच्या खाटेनं मध्येच तोंड घातलं, "जुन्या काळी कॉफीच्या बीला रक्त लावून, ते खाऊन माणसं रक्ताचं नातं जोडायची की. आता तो तुमचा जावई राहिलाच नाही, मुलगा झाला."

"गाढवे," नालोंगो कडाडली, "मग माझी पोरगी भावाच्या पोरांची आई झाली का?"

आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, त्या घडीलाही हसलो. पण नालोंगो हसली नाही. तिनं नळीवर हात ठेवला. "काढा हे. उरलेलं नको मला."

"आई, शेवटची फेरी!" बाबिर्ये रडायला लागली. "घरी जायचंय ना आपल्याला?"

"माझं मी बघेन गं. मी म्हातारी, चार दिवस कापत राहिले तर काय बिघडलं? पण तो खाटीक आहे. कापऱ्या हातानं तो काय कापणार? त्या हातांवर तुझी पोरं जेवतात, हे पोटातलंपण जेवायचंय. माझ्या रक्तापायी त्याचे हात घालवू? नाही. काढ सुई."

इतके दिवस मला वाटायचं, ही बाई नियमासाठी लेसू ओढते; ती तर त्याच्या हातांसाठी ओढत होती. आणि मला भरून आलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे, कॅन्सरच्याही आधीचा. मी सलाईनची दांडी ढकलत खिडकीपाशी गेले आणि बाहेर ओरडले.

"ए लुब्वामा! जेवलास का तू?"

तो गोंधळला. "अं?"

"काल रक्त दिल्यापासून पोटात काय गेलंय?"

त्यानं मान खाली घातली. "घास उतरला नाही ताई. भीती वाटत होती… कापरं भरेल म्हणून."

"म्हणून कापरं भरलंय, बैला! रक्त दिलंस, काल बिस्किटं बायकोला दिलीस, रात्रभर उपाशी राहिलास, आल्यापासून झाडाखाली उभा आहेस, आणि हात हलतात म्हणून रडतोस? माझ्या दुकानात सकाळी न खाता आलेली पोरगी दुपारी वेणी घालताना अशीच लटलटते! अगं, कुणी त्याला जेवायला घाला गं!"

मग काय विचारता! उतारावरच्या सगळ्या सिगड्या एकदम जाग्या झाल्या. एकीनं मातोके वाढले, एकीनं राजमा, एकीनं भरपूर साखरेचा चहा. लुब्वामा मातीत बसून खात होता, आम्ही खिडकीतून एकेक घास मोजल्यासारख्या बघत होतो. थोड्या वेळानं मी ओरडून सांगितलं, "थांबलं! हात थांबले, नालोंगो!"

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मघाशी रक्तपेढी कोण म्हणालं?"

"मग तुम्हीच बघा!"

"मी कशी बघू जावयाकडं?" ती भिंतीकडं वळली. तेही खरंच. डॉक्टर अपियोनं घड्याळाकडं पाहिलं. सिस्टर पिशवीजवळ उभी होती, ओठ हलत होते, प्रार्थना चालली होती बहुतेक.

जरा वेळानं नालोंगो लेसूच्या आतून म्हणाली, "बाबिर्ये, आज डब्यात काय आणलंय त्यानं?"

"काळीज. आख्खं आहे, अजून कापलेलं नाही."

"त्याला सांग, वरचा पापुद्रा एका ओढीत काढ. आख्खा. पापुद्र्याला एक भोक जरी पडलेलं दिसलं, तर ही सुई माझ्या हातात राहणार नाही."

काळजावरचा पापुद्रा ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ असतो. हात जरासा हलला की टर्रकन फाटतो. बाबिर्येनं निरोप सांगितला. लुब्वामानं कुणाची तरी सुरी मागून घेतली, बोथट होती, पायरीच्या दगडावर घासली, नखावर लावून बघितली, पुन्हा घासली. केळीच्या पानावर काळीज ठेवलं. मी खिडकीतून सांगत होते आणि वॉर्ड ऐकत होता.

"कडेला सुरी लावली… बोट आत सारलं… ओढतोय… अर्ध्यावर आला…"

"हात?" नालोंगोनं विचारलं.

"हात हलत नाहीत, तो श्वास पण घेत नाहीये."

मीही घेत नव्हते. मग त्यानं तो पापुद्रा दोन्ही हातांनी वर धरला, नवं कापड दुकानदार धरतो तसा, आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसलं.

बाबिर्ये तो पानावर घेऊन पळत आली तर सिस्टर इमाकुलेट दारात आडवी झाली. "कच्चं मांस? माझ्या वॉर्डात? हिचे पहारेकरी कमी आहेत!" मग तिनंच हातमोजे घातले, पापुद्रा प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत पसरून धरला आणि खाटेच्या पायथ्याशी उजेडात उभी राहिली. नालोंगोनं लेसू बाजूला केला. डोळे बारीक करून वरून खाली, कडेकडेनं बघितलं. किती वेळ बघत होती, बाई! शेवटी म्हणाली, "डावीकडं जरा जाड राहिलाय."

"भोक आहे का?" डॉक्टर अपियोनं विचारलं.

"भोक नाही." आणि तिनं हात पुढं केला. "लावा परत. हळू लावा. माझ्या जावयाचं आहे, सांडू नका."

मग वॉर्डात जो कल्ला झाला! ज्यांची तोंडं सोललेली त्यांनीही जिभा हलवून किलकारी दिली. सिस्टर इमाकुलेट हसत होती आणि हातमोज्यानं डोळे पुसायला गेली, मग आठवलं, मग आणखी हसली. काहीतरी झालंय एवढंच खाली लुब्वामाला कळलं, तो घाबरून विचारत होता, "काय झालं? अहो, काय झालं?"

थंडी परत भरली नाही. पिशवी संपेपर्यंत नालोंगोनं जुळ्यांची गाणी म्हटली, आधी हळू, मग मोठ्यानं. पुढच्या आठवड्यात शेवटची फेरी सुरू झाली. तीही पार पडली, मळमळीसकट, तापासकट.

ती घरी निघाली त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर उगवलेल्या इवल्या केसांना तेल लावून दिलं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. "तुझं दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मी," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी विंचरण्यासारखं काही उगवू द्या." जांभळी गोमेसी घालून, बाह्यांची टोकं ताठ करून ती पायऱ्यांवर आली. आम्ही सगळ्या खिडक्यांत. लुब्वामानं गाडी आणली होती आणि फणसाखाली पाठ करून गुडघे टेकले होते.

"आई, रात्र कशी गेली?"

"चांगली गेली, बाबा. तुमची?"

"चांगली."

"पोरं?"

"खेळतायत. एक नवीनपण आलंय."

"ते मला माहीत आहे. माझ्या केळी?"

"उभ्या आहेत, आई. वाट बघतायत."

इथं नेहमी 'एए' यायचं आणि संपायचं. आम्ही वाट बघत होतो. नालोंगो मात्र पायरीवरच थांबली, लेसूचं टोक हातात धरून.

"आणि तुमचं रक्त कसं आहे, बाबा?"

लुब्वामाची पाठ हलली. "भरून आलं, आई. तुमच्याकडचं कसं आहे?"

"छान आहे," ती म्हणाली. "मुलासारखं राहतंय."

इतका वेळ गुडघ्यांवर बसलेला तो बैल ते ऐकून सगळं विसरला आणि हसत, रडत वळायलाच निघाला. वॉर्डातल्या सगळ्या खिडक्या एकदम किंचाळल्या, "अरे, वळू नको! वळू नको!" तो तसाच अर्ध्यावर दगड झाला. नालोंगोनं घाईघाईनं लेसू तोंडावर ओढला, आणि आतून तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते.